नोकरी सोडून फ्रीलान्स काम सुरू करताना आरोग्य विम्याची व्यवस्था कशी करावी?

प्रश्न : बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग तयार करण्याचे काम करतो. सध्या माझा नोटीस पिरियड सुरू असून पुढील महिन्याच्या अखेरीस नोकरी सोडून मी अमळनेरला घरी परतणार आहे आणि तेथून हेच काम स्वतंत्रपणे करणार आहे. जर्मनी आणि ब्रिटन येथील ग्राहकांकडून काम मिळण्याची खात्री झाली आहे, त्यामुळे उत्पन्नाची काळजी फारशी नाही. काळजी आहे ती आरोग्य विम्याची. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मी, पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई-वडील असे आम्ही सर्वजण आहोत, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते संरक्षण संपणार आहे. वडील ७१ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. आईचे वय ६३ असून तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. पत्नी थायरॉईडची गोळी घेते. घरची शिधापत्रिका केशरी आहे.

माझे प्रश्न असे आहेत. सरकारी योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळत असतील, तर खासगी पॉलिसी घेण्याची आवश्यकता आहे का? घ्यायची झाल्यास आई-वडिलांसह एकच घ्यावी की वेगवेगळ्या? शिवाय जर्मन ग्राहकाने पुढील वर्षी सुमारे वर्षभर स्टुटगार्टला येऊन काम करण्याविषयी विचारले आहे. तसे झाले तर भारतातील पॉलिसी आता घेण्यात अर्थ आहे का, की परत आल्यावर घ्यावी? ब्रिटनमधील ग्राहक सांगतात की त्यांना उपचारांसाठी विमा काढावाच लागत नाही, आणि जर्मन ग्राहक सांगतात की त्यांच्या उत्पन्नातील मोठा वाटा विम्यातच जातो. दोघेही स्वतंत्र व्यवसाय करणारेच आहेत. मग एवढा फरक कशामुळे पडतो, हेही जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर : मेडिक्लेम कक्ष, धुळे

नमस्कार भाऊ. मी धुळ्यातील एका खासगी रुग्णालयात विमा कक्ष सांभाळते, त्यामुळे पॉलिसी विकण्याच्या बाजूने नव्हे, तर ती प्रत्यक्ष वापरण्याची वेळ येते त्या बाजूने लिहिते.

सर्वांत आधी, आपल्या हातात असलेला हा महिना वाया जाऊ देऊ नका. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तब्येतीची माहिती तपासून निर्णय घेते, परंतु अर्ज मान्य झाला तर ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षे प्रतीक्षा काळातून, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळू लागण्यापूर्वी थांबावे लागते त्या काळातून, वजा होतात. आपल्यासारख्या कुटुंबाला याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण नवीन पॉलिसी घेतल्यास अपघात वगळता पहिले तीस दिवस काहीही मिळत नाही, मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघेबदल यांसारख्या ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षे थांबावे लागते, आणि मधुमेह किंवा रक्तदाबासारख्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत. पूर्वी हा शेवटचा काळ चार वर्षांपर्यंत असे. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने तो तीन वर्षांवर आणला. नोकरी सुटल्यानंतर अर्ज करण्यापेक्षा, एचआरकडून पॉलिसीची प्रत आणि सदस्यत्वाचा पुरावा घेऊन आताच लेखी अर्ज करा.

आई-वडिलांची पॉलिसी वेगळीच असू द्या. फॅमिली फ्लोटरचा, म्हणजे एकाच विमा रकमेत सर्व कुटुंब असलेल्या पॉलिसीचा, हप्ता घरातील सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या वयावर ठरतो, म्हणजे वडिलांमुळे तुमच्या मुलीच्या संरक्षणाचाही खर्च वाढतो आणि वडिलांच्या एका मोठ्या आजारात सर्वांची विमा रक्कम संपून जाऊ शकते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा जुने कोटेशन कोणी दाखवल्यास नवे मागून घ्या.

आता खोलीभाड्याची मर्यादा समजावून सांगते, कारण आमच्या टेबलापाशी सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर होतात. समजा पॉलिसी तीन लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये, असे लिहिले आहे. नातेवाईक ६,००० रुपयांची खोली घेतात आणि वरचे तीन हजार खिशातून भरू, असे समजतात. परंतु कंपनी केवळ खोलीचे नव्हे, तर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा खोलीच्या दर्जाशी निगडित असलेला सर्वच खर्च त्याच प्रमाणात निम्मा करते. असा खर्च ८०,००० असेल तर ४०,००० मंजूर होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, तरीही घरी जाताना भरावी लागणारी रक्कम मोठी असते. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली किंवा साध्या सिंगल खोलीपर्यंत पूर्ण भाडे देणारी पॉलिसी निवडा, हप्ता थोडा अधिक असला तरी.

आपल्या खानदेशासाठी आणखी एक बाब तपासावीच लागते. अनेक कंपन्या शहरांची झोनमध्ये विभागणी करतात. अमळनेरचा पत्ता दिल्यावर हप्ता कमी लागतो, मात्र काही पॉलिसींमध्ये अशा ग्राहकाने वरच्या झोनमधील शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा त्याला स्वतः भरावा लागतो. आपल्याकडील गंभीर रुग्ण जळगाव-धुळ्यानंतर नाशिक, मुंबई किंवा सुरतेला हलवले जातात, आणि मुंबई व गुजरातमधील मोठी शहरे बहुधा वरच्याच झोनमध्ये असतात. ही अट पॉलिसीच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते; ती वाचल्याशिवाय सही करू नका. हाती आलेली पॉलिसी पटली नाही तर तीस दिवसांच्या आत परत करता येते.

प्रस्तावपत्रात, म्हणजे पॉलिसीच्या अर्जात, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड सर्व काही लिहा. एजंट कितीही म्हणाला की थायरॉईड लिहायची गरज नाही, तरी लिहा. रुग्ण दाखल होताना घाईघाईत कॅज्युअल्टीतील डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, शुगर कधीपासून आहे, आणि नातेवाईक सांगतील ते वर्ष केसपेपरवर लिहिले जाते. तो केसपेपर विमा कंपनीकडे जातो आणि प्रस्तावपत्राशी ताडून पाहिला जातो. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही; पण ती पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी संपूर्ण कुटुंबाचे संरक्षण एका न लिहिलेल्या ओळीवर टांगलेले राहते.

उत्तर : केळीबाग, रावेर

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून जळगावला झाली आणि आम्हाला उपचाराचा एक रुपयाही भरावा लागला नाही. आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाने, शिधापत्रिका आणि आधार पाहून सर्व कागद पूर्ण केले. आता ही योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना लागू असून संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आहे. असे असताना दरवर्षी एवढा हप्ता खासगी कंपनीला देण्यापेक्षा तीच रक्कम बँकेत बाजूला ठेवणे योग्य नाही का? ज्या वर्षी आजारपण येत नाही त्या वर्षीचे पैसे तरी आपल्याच नावावर राहतात.

उत्तर : मेडिक्लेम कक्ष, धुळे

दादा, आपल्या वडिलांना योजनेचा उपयोग झाला याचे मनापासून समाधान वाटते, आणि ही योजना कोणी कमी लेखू नये, असेच मलाही वाटते. आमच्याच जिल्ह्यात २०१२ मध्ये, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने, पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांपैकी एक म्हणून तिची सुरुवात झाली होती, आणि तेव्हापासून कर्ज काढून शस्त्रक्रिया करण्याची किती कुटुंबांची वेळ टळली, हे आम्ही पाहत आलो आहोत.

परंतु तिची चौकट ठरलेली आहे. यादीतील ठरावीक उपचार आणि योजनेत समाविष्ट असलेली रुग्णालये, एवढ्यापुरतीच ती लागू होते. डेंग्यूच्या तापाने प्लेटलेट कमी झाल्या आणि जवळच्या, योजनेत नसलेल्या रुग्णालयात चार दिवस राहावे लागले, तर ते बिल स्वतःच भरावे लागते. बँकेत बाजूला ठेवलेली रक्कम उपयोगीच पडते, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोठा आजार आला तर ती पुरत नाही. म्हणून योजनेची कागदपत्रे तयार ठेवावीत आणि सोबत पॉलिसीही असावी. हप्ता आवाक्यात ठेवण्यासाठी पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप घेण्याचा मार्ग आहे. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्रपणे मोजतो, तर सुपर टॉप-अप वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज करून पाच लाखांच्या पुढील खर्च देतो. घ्यायचा तर सुपर टॉप-अपच घ्यावा.

प्रश्नकर्त्या भाऊंच्या वडिलांचे वय ७१ आहे, म्हणजे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्डही काढता येईल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ते मिळते आणि त्यात पाच लाखांचे संरक्षण आहे. वडिलांसाठी खासगी पॉलिसीचा हप्ता परवडत नसेल, तर निदान हे कार्ड या आठवड्यातच काढून घ्या.

उत्तर : चोपडेकर, सध्या म्युनिक

भाऊ, स्टुटगार्टच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी येथे आधी नोकरी केली आणि आता स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतो.

जर्मनीत आरोग्य विमा सर्व रहिवाशांना बंधनकारक आहे. या व्यवस्थेचा पाया बिस्मार्कच्या काळात, १८८३ च्या कायद्याने, घातला गेला आणि तो कामगारांसाठी होता. त्यामुळे आजही तिची रचना नोकरदाराला डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. नोकरदाराच्या पगारातून सरकारमान्य विमा निधीसाठी, म्हणजे क्रांकनकासेसाठी, १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक निधीचा थोडा अतिरिक्त दर कापला जातो, पण त्यातील निम्मा भार मालक उचलतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मालक नसतो, त्यामुळे दोन्ही वाटे त्याच्याच खिशातून जातात. आपले ग्राहक उत्पन्नातील मोठ्या हिश्श्याविषयी बोलतात ते यामुळेच. या निधीत उत्पन्न नसलेली पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता समाविष्ट होतात, हा मोठा दिलासा आहे. लेखक, चित्रकार, संगीतकार अशा स्वतंत्र कलावंतांसाठी १९८३ पासून एक स्वतंत्र सामाजिक निधी आहे आणि तो मालकाच्या वाट्याचा निम्मा हप्ता भरतो. अभियांत्रिकी ड्रॉइंग त्यात बसत नाही.

आता आपल्यासाठी महत्त्वाचे. भारतातून थेट स्वतंत्र व्यावसायिक म्हणून येणाऱ्याला सरकारमान्य निधीत ऐच्छिक सदस्य म्हणून प्रवेश मिळणे कठीण असते, कारण त्यासाठी आधीच्या विम्याचा कालावधी पाहिला जातो. अशा वेळी खासगी विमा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता उत्पन्नावर नव्हे, तर प्रवेशाच्या वेळचे वय आणि तब्येत यांवर ठरतो आणि पत्नीचा, मुलीचा हप्ता वेगवेगळा लागतो. त्याउलट आपल्या जर्मन ग्राहकाने आपल्याला वर्षभराच्या नोकरीच्या करारावर बोलावले आणि पगार नेहमीच्या मर्यादेत असला, तर आपण पहिल्या दिवसापासून निधीचे सदस्य होता आणि कुटुंबही त्यात येते. कुटुंबासह येणार असाल, तर कराराच्या या दोन प्रकारांमुळे दरमहा पडणारा फरक दराच्या वाटाघाटीत नक्की मोजा. व्हिसासाठी घेतलेला प्रवास विमा येथे राहू लागल्यानंतर पुरेसा मानला जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

भारतातील पॉलिसी मात्र आताच घ्या आणि येथे असतानाही तिचे नूतनीकरण चुकवू नका. ती पॉलिसी येथील उपचारांना बहुधा लागू होणार नाही, तरीही प्रतीक्षा काळाचे घड्याळ चालू राहते. वर्षभराने परतल्यावर नवी पॉलिसी घेतली, तर पत्नीच्या थायरॉईडसाठीचा काळ तेव्हापासून सुरू होईल आणि तुमचेही वय एका वर्षाने वाढलेले असेल. आई-वडील तर अमळनेरलाच असणार, त्यामुळे त्यांची पॉलिसी खंडित होण्याचा प्रश्नच येऊ नये.

येथील व्यवस्थेतील एक गोष्ट मला भारतातही असावी असे मनापासून वाटते. निधीचा ऐच्छिक सदस्य असलेला स्वतंत्र व्यावसायिक थोडा अधिक दर भरून आजारपणातील उत्पन्नाची भरपाई निवडू शकतो, आणि ती सातव्या आठवड्यापासून मिळू लागते. रुग्णालयाचे बिल भागले तरी काम बंद असलेल्या महिन्यांत घर कसे चालवायचे, हा प्रश्न फ्रीलान्सरसाठी तितकाच मोठा असतो.

उत्तर : सातपुडा, नंदुरबार

मी सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवतो, म्हणून दोन ग्राहकांच्या अनुभवांत एवढा फरक का, या प्रश्नापुरते लिहितो. एखाद्या देशात माणसाचे आरोग्य संरक्षण कशाशी जोडलेले आहे, हे पाहिले की हा फरक उलगडतो.

ब्रिटनमध्ये ते रहिवासाशी जोडलेले आहे. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यतः करांतून चालते, त्यामुळे नोकरी आहे, गेली, की माणूस स्वतःच काम करतो, याने उपचाराचा हक्क बदलत नाही. आपले ग्राहकही पैसे भरतातच, फक्त ते कराच्या रूपाने. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांसाठी ठरावीक शुल्क आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाही. तेथील खरी अडचण प्रतीक्षा ही आहे. नियोजित उपचारांसाठी अठरा आठवड्यांचे उद्दिष्ट असूनही लाखो रुग्ण त्याहून अधिक काळ थांबतात. जो फ्रीलान्सर गुडघ्याच्या दुखण्यामुळे काम करू शकत नाही, त्याच्यासाठी ही प्रतीक्षा म्हणजे बुडालेले उत्पन्नच असते, कारण मालकाकडून मिळणारा वैधानिक आजारपण भत्ता स्वयंरोजगारितांना लागू नाही.

अमेरिकेत पासष्टीपूर्वीचे संरक्षण प्रामुख्याने नोकरीशी जोडलेले आहे. २०१० च्या कायद्याने स्वतंत्र व्यावसायिकांसाठी विम्याची बाजारपेठ उभी राहिली, आणि २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून विमा नाकारण्यास किंवा हप्ता वाढवण्यास बंदी आली. मात्र अनुदान नसेल तर हप्ता जड जातो, आणि विमा पैसे देऊ लागण्यापूर्वी बरीच मोठी रक्कम स्वतः भरावी लागते. जपानने १९६१ मध्येच सर्वांना विम्याखाली आणले. तेथे स्वयंरोजगारित व्यक्ती स्थानिक पालिकेमार्फत राष्ट्रीय आरोग्य विम्यात येते, बहुतेकांना उपचाराच्या खर्चातील ३० टक्के भरावे लागतात आणि महिन्याला किती भरायचे यावर उत्पन्नानुसार कमाल मर्यादा असते.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालातच अशी भूमिका घेतली होती की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये. त्यानंतर १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली, पण ती नोकरदारासाठी आहे आणि सध्या दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांसाठी ॲप कंपन्यांकडून अंशदान घेण्याची तरतूद आहे, परंतु जो माणूस अमळनेरला बसून परदेशी ग्राहकाला थेट बिल पाठवतो, त्याच्या वतीने अंशदान भरणारे कोणी नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी स्वयंरोजगारितांना उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता भरून सार्वजनिक विम्यात येता यावे, अशी सोय व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आज आपल्याकडील बाजारातला विमा वय आणि आजार पाहून किंमत ठरवतो, त्यामुळे ज्याला सर्वाधिक गरज आहे त्यालाच तो सर्वांत महाग पडतो.

प्रश्नकर्ता : बोरीकाठ, अमळनेर

ताई, दादा आणि सर, आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले याबद्दल अत्यंत आभारी आहे. मायग्रेशनचा अर्ज मी आज एचआरमार्फत दिला. वडिलांच्या वय वंदना कार्डासाठी मेहुण्यांना सांगितले आहे, आणि जर्मन ग्राहकाला नोकरीच्या कराराविषयी विचारणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. काम बंद पडल्यास उत्पन्नाचे काय, याला आपल्याकडे काही पर्याय आहे का? आणि मी जर्मनीत असताना आई-वडिलांपैकी कोणी अचानक दाखल झाले, आणि ते रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नसले, तर मागे राहणाऱ्यांनी काय करावे?

उत्तर : मेडिक्लेम कक्ष, धुळे

भाऊ, आजारपणातील उत्पन्नासाठी जर्मनीसारखी सोय आपल्याकडे नाही. व्यक्तिगत अपघात विम्यात मात्र, अपघातामुळे काही काळ काम करता आले नाही तर दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग जोडून घेता येतो, आणि त्याचा हप्ता मेडिक्लेमच्या मानाने कमी असतो. गंभीर आजाराच्या पॉलिसीत यादीतील आजाराचे निदान झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात आणि ते घरखर्चालाही वापरता येतात. या दोन्हींखेरीज सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत असावी. रावेरच्या दादांची बचतीची सूचना येथे अगदी योग्य आहे.

दुसऱ्या शंकेबद्दल. जानेवारी २०२४ पासून साधारण विमा परिषदेच्या पुढाकाराने यादीत नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस उपचार, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला देणे, मिळवण्याची सोय झाली आहे. तातडीने दाखल झाल्यास ४८ तासांच्या आत, आणि ठरवून दाखल व्हायचे असल्यास किमान ४८ तास आधी, विमा कंपनीला कळवावे लागते. रुग्णालयाची तयारी नसेल तर बिल भरून नंतर परतावा मागावा लागेल, म्हणून मेहुण्यांच्या हाती काही रक्कम असू द्या. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास मेहुण्यांनी विमा कक्षात हा नियम सांगून विनंती पाठवल्याची वेळ लिहून घ्यावी. क्लेम नाकारला गेलाच तर कारण लेखी मागावे, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करावा. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्याला आहे आणि अर्जाला शुल्क लागत नाही.

एका फाईलमध्ये दोघांची पॉलिसी, ई-कार्ड, आधार आणि पॅनच्या प्रती, शिधापत्रिकेची प्रत, वय वंदना कार्ड आणि वडिलांच्या मधुमेहाचे पहिल्या निदानापासूनचे कागद क्रमाने लावून ती मेहुण्यांकडे द्या. आईलाही दाखवून ठेवा की फाईल कोणत्या कपाटात आहे, आणि कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी शुगर कधीपासून आहे असे विचारले, तर अंदाजाने न सांगता त्या फाईलमधील कागदच त्यांच्यासमोर ठेवायला सांगा.